अर्ज करावा की सोमवारी जाऊन फाईल बघावी?

महापालिकेतली किंवा जिल्हा परिषदेतली फाईल हवी असेल तर महाराष्ट्रात दोन वाटा आहेत: माहिती अधिकाराचा अर्ज, नाहीतर २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे दर सोमवारी ३ ते ५ मध्ये जाऊन अभिलेख पाहणं. मी दोन्ही करून पाहिलं.

आमच्या गल्लीतल्या काँक्रीट रस्त्यासाठी आधी अर्ज केला. दहा रुपयांचा स्टँप, दीडशे शब्दांची मर्यादा, एकच विषय. त्याबद्दल तक्रार नाही. मागितली होती कामाची संपूर्ण नस्ती, म्हणजे फाईल. महिन्याच्या शेवटी उत्तर आलं: माहिती त्रयस्थ व्यक्तीची, माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) खाली, म्हणजे वैयक्तिक माहिती म्हणून, नाकारली. नस्तीत ठेकेदाराच्या बँक खात्याचे दोन कागद होते म्हणून! ते कागद मला नकोच होते, आणि ते झाकलेच पाहिजेत. पण त्यांच्यापायी मोजमाप पुस्तिकाही कुलपात? गोपनीय तेवढं वगळून बाकीचं द्या, हे सांगायलाच तर कलम १० आहे. पहिल्या अपिलात मी तेच लिहिलं. आदेश हातात पडेपर्यंत पावसाळा सरला होता आणि रस्त्याला भेगा गेल्या होत्या. माझं मन अर्जावरून उडालं ते तिथेच. आता तर २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने कलम ८(१)(ञ) मधल्या अटी काढून नुसतं 'वैयक्तिक माहिती' एवढंच ठेवलंय. असे नकार वाढतील, अशी मला भीती वाटते.

पुढच्या चौकातल्या कामासाठी मग सोमवारी गेलो. लिपिक बाईंनी नस्ती चाळली, बँकेचे कागद काढून बाजूला ठेवले, बाकीची माझ्यापुढे सरकवली. पाच मिनिटं लागली असतील. काँक्रीटच्या जाडीची नोंद कुठल्या पानावर आहे हे मला आधी माहीतच नव्हतं, अर्जात मागणार काय? समोर पानं उलटताना ती सापडली.

अर्थात सगळीकडे असंच होईल असं नाही. सोमवारी कुणी तोंडी 'नाही' म्हटलं तर अपिलाला हातात कागद नसतो. कोर्टात प्रत लावायची असेल, किंवा कार्यालय लांबच्या गावी असेल, तर अर्जच बरा.

तरी मी आधी सोमवार गाठतो. पृष्ठ क्रमांक टिपून आणतो आणि तेवढ्याच पानांचा अर्ज टाकतो. जाताना पेन्सिल न्या. आमच्याकडे पेन जमा करून घेतात.