सेकंडहँड रेड डॉटमध्ये २३७ डॉलर गेले, टर्की पक्ष्याच्या शिकारीला जाणाऱ्यांनी वाचा

लिहायची लाज वाटतेय, पण सीझन तोंडावर आलाय म्हणून लिहितो. शिकारीच्या एका ऑनलाइन ग्रुपात शॉटगनसाठी सेकंडहँड रेड डॉट साइट (बंदुकीवर बसवायची नेम धरायची काच, आत लाल ठिपका दिसतो) घेतली, २२५ डॉलर आणि वर १२ शिपिंग, असे २३७ गेले आणि हातात आला नकली माल. एअरसॉफ्टच्या खेळण्यातल्या बंदुकांवर लावायला ज्या डुप्लिकेट साइट निघतात ना, त्यातली. लोगो, सिरीयल नंबर, डबा, सगळं हुबेहूब.

मी काही नवखा नाही हो. अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात गेल्या वर्षीचा माझा सहावा स्प्रिंग सीझन होता, त्याआधी पाच वर्षं नुसत्या नळीच्या टोकावरच्या माशीवर (छोट्या मण्यावर) नेम धरून शिकार केलीये. पण झाडाला टेकून, गुडघ्यावर बंदूक ठेवून तासभर बसलं की गाल दस्त्यावर नीट टेकत नाही, आणि मान जराशी वर राहिली तरी बार टर्कीच्या डोक्यावरून जातो, हे ज्यांना भोगावं लागलंय त्यांना सांगायला नको. त्यात आता टंगस्टनचे छर्रे, टर्कीच्या टाइट चोकमधून (नळीचं तोंड अरुंद करणाऱ्या नळकांड्यातून) १५ यार्डावर पॅटर्न, म्हणजे छर्ऱ्यांचा फैलाव, जेमतेम मुठीएवढा, म्हणजे जवळचा पक्षीसुद्धा चुकतो. म्हणून डॉट हवा होता, हौस म्हणून नाही. दुकानात तोच ३१० ला होता. ६० ला कोणी देत असता तर मी ढुंकूनही बघितलं नसतं, २२५ हा वापरलेल्या मालाचा अगदी बरोबर भाव वाटला आणि तिथेच गळाला लागलो.

विकणारा म्हणाला, पैसे पेमेंट ॲपच्या ‘फ्रेंड्स अँड फॅमिली’ने, म्हणजे ओळखीच्यांना पाठवायच्या ऑप्शनने पाठव, फी वाचेल. हे करायचं नसतं हे मला माहीत होतं. पण त्याचं प्रोफाइल आठ वर्षं जुनं, मुलाबरोबर टर्की धरलेले फोटो, मी पाठवले. अनोळखी माणसाला त्या ऑप्शनने एक डॉलरही पाठवू नका, अगदी गाववाला असला तरी.

आता जे डोक्यातून जात नाही ते सांगतो. बसवताना साइट रिसीव्हरवरच्या (बंदुकीच्या मधल्या धातूच्या भागावरच्या) खाचेत सपाट बसेना, उजव्या बाजूने खाली कागद सरकत होता. तिथेच उचलून डब्यात परत टाकायला हवी होती. मी निळं लॉकटाइट (स्क्रू ढिले होऊ नयेत म्हणून लावायचा गोंद) लावून स्क्रू आवळले. मग डॉट गोल दिसायच्या ऐवजी फिस्कटलेला, शेपूट फुटल्यासारखा दिसला. मला ॲस्टिग्मॅटिझम आहे, त्या दोषात ठिपका असा फिस्कटलेला दिसतो, म्हटलं आपलेच डोळे. साइटच्या मागे मोबाइलचा कॅमेरा धरायचा, त्यातही डॉट फिस्कटला तर दोष साइटचा, १० सेकंदांचं काम. मला हे माहीत होतं आणि तरी केलं नाही, कारण ती खरी निघायला हवी होती मला.

रेंजवर ४० यार्डावरून दोन बार टाकले, ठीक बसले. पाच काडतुसांचा बॉक्स ६२ डॉलरला पडतो म्हणून तिसरा टाकला नाही. कंजूषपणा करू नका, भारी काडतुसाच्या धक्क्यानेच नकली साइट उघडी पडते.

गेल्या एप्रिलचा तिसरा सोमवार, सीझनचा पहिला दिवस. ३२ यार्डावर नर टर्की, मान ताठ, डॉट मानेवर, बार काढला आणि पिसं उडाली आणि तो लंगडत झाडीत घुसला. दीड तास शोधला, पार ओढ्यापर्यंत, नाही मिळाला. घरी येऊन कागदावर मारलं तर पॅटर्न ११ इंच डावीकडे. पैशापेक्षा हे जास्त लागलंय. सहा वर्षांत एकही पक्षी असा जखमी सोडला नव्हता मी.

मग तक्रारी. बँक म्हणे पैसे तुम्हीच स्वतःहून पाठवलेत, म्हणजे फ्रॉड नाही. अरे, फसवून घेतले तरी पाठवणार मीच ना! पेमेंट ॲपवाले म्हणे या ऑप्शनला प्रोटेक्शन नाही, विषय संपला. पोलिसांत गेलो, काउंटरवरच्या बाईंनी दिवाणी मामला आहे म्हणून वकील बघायला सांगितलं, २३७ साठी वकील! सरकारच्या सायबर फॉर्मवर तासभर बसून सगळे स्क्रीनशॉट टाकले, उत्तरात एक नंबर आला, त्यालाही आता नऊ महिने झाले. साइट बनवणाऱ्या कंपनीने मात्र सिरीयल नंबर बघून एका दिवसात नकली असल्याचं लेखी दिलं, ते पत्र बँकेला पाठवलं तर केस बंद झालीये म्हणाले. आणि ग्रुपच्या ॲडमिनने माझीच पोस्ट उडवली, वातावरण बिघडतं म्हणून. त्या माणसाची जाहिरात तशीच ठेवली. पैसे देण्याआधी सिरीयल नंबरचा फोटो मागवा आणि कंपनीला विचारा, फुकट सांगतात, मी हे नंतर केलं.

परवा दुसऱ्या एका ग्रुपात तीच साइट दिसली. नाव वेगळं, फोटो तेच, लाकडी टेबल, डाव्या कोपऱ्यावर जळल्याचा काळा डाग, आता २०५ डॉलर. खाली दोघांनी विचारलं होतं, अजून आहे का. दोघांनाही मेसेज केलाय, एकाने पैसे आदल्या रात्रीच पाठवले होते.