वाळवंटाच्या चित्रांचे कुशन: पाडव्याला घेतले, आता दिवाळी आली

पाडव्याच्या सेलमधे पाचचा सेट घेतला होता, १६ बाय १६ इंच, वाळूच्या टेकड्या, केशरी आकाश, निवडुंग वगैरे. सासूबाईंनी बघताक्षणी विचारलं, "ओसाड रान कशाला गं मांडलंस सोफ्यावर, फुलांचे नव्हते का?" मला मात्र अजूनही आवडतात.

कापड पॉलिस्टरचं आहे. त्यावर सब्लिमेशन प्रिंट करतात, साधारण २०० डिग्रीला तापवून शाई धाग्यातच मुरवतात, त्यामुळे हाताला रंगाचा थर जाणवत नाही आणि मशीनला कितीदा लावले तरी धुण्यात रंग गेलेला नाही. पण ऊन! आमचा हॉल पश्चिमेचा, कोथरूडमधे एप्रिल-मेची दुपार म्हणजे तीननंतर सोफा नुसता भाजतो, तर खिडकीकडच्या दोघांचं केशरी आकाश आता फिकट पीच झालंय, आणि उलटे करून ठेवायची पण सोय नाही कारण मागची बाजू कोरी पांढरी, जी फोटोत कुठेच दाखवली नव्हती. शिवाय घाम शोषत नाही, मे महिन्यात पाठ चिकटते.

चित्राबद्दल एक गंमत, एका कुशनवर उंटांची रांग आहे आणि मागे ते हात वर केल्यासारखे उंच निवडुंग. ते सग्वारो, अ‍ॅरिझोना-मेक्सिकोकडच्या सोनोरन वाळवंटातले. उंट ठेवायचाच होता तर शेजारी खेजडी काढायची ना, राजस्थानात तीच दिसते, म्हणजे आपली दसऱ्याची शमीच की. असो, पाहुण्यांना काही फरक पडत नाही.

खरा वैताग फिलरचा, म्हणजे अभ्र्यातल्या उशीचा. व्हॅक्यूम पॅकमधे चपटे येतात, उन्हात ठेवून थोपटले की फुगतात, पण गणपतीत माणसांची ये-जा झाली आणि सगळा मायक्रोफायबर कोपऱ्यात गोळा, मधे नुसतं कापड. वर पावसाळ्यात कुबट वास. अभ्रे पंख्याखाली रात्रीत वाळायचे, फिलर काही केल्या वाळेनात. शेवटी ते टाकून दिले आणि १८ इंचाचे नवे आणून त्याच १६ च्या अभ्र्यात कोंबले, आता कोपरे मस्त टंच बसलेत. तेव्हा नुसते अभ्रे मिळत असतील तर तेवढेच घ्या. चेन फक्त जपून लावा, एकाची कोंबताना अडकली होती, मेणबत्ती घासल्यावर सुटली.