जालना ते जालना : थायलंड सहलीचा सहावा दिवस

गेल्या हिवाळ्यात जालन्यातून आम्ही बावीस जण एका सहल कंपनीबरोबर थायलंडला जाऊन आलो. माहितीपत्रकावर ‘६ दिवस, ५ रात्री, जालना ते जालना’ असे ठळक छापले होते, आणि माणशी ६५ हजार रुपये भरताना आमच्यातल्या वयस्कर मंडळींनी मुख्यतः त्यातल्या शेवटच्या तीन शब्दांवर भरवसा ठेवला होता. पटाया, कोरल बेट आणि बँकॉकमधील मंदिरे यांबद्दल तक्रार नाही. हॉटेले स्वच्छ होती आणि शाकाहारी मंडळींना रात्री वरण-भात मिळत होता. हे परीक्षण सहाव्या दिवसाचे आणि परतीच्या प्रवासाचे आहे.

खोल्या दुपारी १२ वाजता सोडायच्या होत्या आणि विमान रात्री ८ वाजता होते. मधल्या वेळासाठी कार्यक्रमपत्रिकेत ‘खरेदी व मोकळा वेळ’ असे लिहिले होते. प्रत्यक्षात जेवण नाही, चार वाजेपर्यंत बस नाही आणि सामान लॉबीत, अशी अवस्था होती. सर्वांत मिळून दोन खोल्या जरी अर्ध्या दिवसासाठी जास्तीच्या घेतल्या असत्या, तरी साठीपुढच्या मंडळींना पाठ टेकता आली असती. आम्ही मग लॉबीतच बॅगा उघडल्या. एका काकांनी घरून आणलेला ताणकाटा फिरू लागला. माणशी मर्यादा २० किलोची, एका मावशींची बॅग तेवीस भरली आणि शेजारच्यांची सतरा, तेव्हा तीन किलो साबण, बाम आणि सुकवलेला आंबा या बॅगेतून त्या बॅगेत गेला. उरलेल्या, कडक झालेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी हेच त्या दिवशीचे दुपारचे जेवण.

विमानतळाच्या वाटेवर टूर मॅनेजरने करपरताव्याची माहिती दिली. पर्यटकाने परताव्याची सोय असलेल्या एकाच दुकानातून एका दिवसात किमान २,००० बाहतची खरेदी केली आणि पासपोर्ट दाखवून दुकानातूनच अर्ज घेतला, तर ७ टक्के मूल्यवर्धित करातील काही रक्कम परत मिळते. ही माहिती पहिल्या दिवशी द्यायची असते. आमच्यातल्या एकाने मॉलमध्ये ९,००० बाहतची खरेदी आदल्याच दिवशी केली होती. त्याच्या हाती नुसती पावती होती.

विमानतळावर मात्र याच मॅनेजरचे काम वाखाणण्यासारखे होते. त्याने कुटुंबांना शेजारच्या जागा आधीच घेऊन ठेवल्या होत्या, दोघांसाठी चाकाच्या खुर्च्या सांगितल्या होत्या आणि १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या तेला-मधाच्या बाटल्या प्रत्येकाला विचारून मोठ्या बॅगांत टाकायला लावल्या. सुवर्णभूमी विमानतळावर पासपोर्ट तपासणीनंतर समुद्रमंथनाचे भव्य शिल्प आहे: वासुकीची दोरी, एकीकडे देव, दुसरीकडे दैत्य आणि मधोमध मंदाराच्या माथ्यावर विष्णू. तिथे त्याने सगळ्यांना थांबवून फोटो काढले. सहलीतली ही शेवटची चांगली आठवण.

साडेचार तासांचे उड्डाण आणि दीड तासाने मागे घेतलेले घड्याळ, म्हणून मुंबईत उतरलो तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. सामानाच्या पट्ट्यापाशीच मॅनेजरने निरोप घेतला. त्याची जबाबदारी तिथे संपत होती. जालन्याच्या बसचा क्रमांक आमच्या हाती होता, पण बस आली सव्वादोनला, आणि तीही ठरलेली मोठी बस नव्हे, तर डिकी नसलेली छोटी गाडी. त्यामुळे बॅगा मधल्या वाटेत रचल्या गेल्या आणि मागच्या लोकांना त्यांवरून पाय टाकत उतरावे लागले. समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण खुला असल्याने रस्त्याला नाव ठेवायला जागा नाही. पण वाटेत कुठे थांबायचे हे कंपनीने चालकाला सांगितलेच नव्हते आणि महिलांना स्वच्छतागृहासाठी दोनदा विनवावे लागले.

साडेआठला त्याने आम्हाला जालना इंटरचेंजवर उतरवले, कारण त्याला पुढे नांदेडचे भाडे होते. बावीस माणसे आणि चाळीसेक बॅगा रस्त्याकडेला उभ्या, आणि फोन करून घरच्यांच्या गाड्या बोलावल्यावर शहरात पोहोचायला आणखी तासभर गेला. लेखी तक्रारीला कंपनीचे उत्तर आठ दिवसांनी आले: प्रवाशांना जालन्यात सोडण्यात आले होते, सबब परताव्याचा प्रश्न उद्भवत नाही. थायलंडसाठी चार तारे. परतीसाठी एक, तोही टूर मॅनेजरला.