हातांनी केलेला उपचार आणि आखडलेला खांदा: आठ भेटींचा अनुभव

उजवा खांदा धरून चार महिने झाले होते, तेव्हा मी या फिजिओथेरपी केंद्रात गेलो. रात्री त्या कुशीवर वळलो की जाग येत असे आणि शर्ट मागून खोचायला हात कमरेपर्यंतही पोहोचत नव्हता. त्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी ‘मणका सरकला आहे’ असे सांगून माझ्या मानेला दोनदा हिसका देण्यात आला होता. कट्‌ असा आवाज झाला, दोन तास मोकळे वाटले आणि संध्याकाळी दुखणे जसेच्या तसे परत आले. तो आवाज हाड जागेवर बसल्याचा असतो, हा समज फार घट्ट रुजलेला आहे. प्रत्यक्षात तो सांध्यातील द्रवात वायूची पोकळी निर्माण होण्याशी संबंधित असतो. 2015 साली बोटांच्या सांध्यांच्या एमआरआय चित्रणात अशी पोकळी तयार होताना दिसली होती. त्यामुळे हातांनी करायच्या उपचारांबद्दल, म्हणजे मॅन्युअल थेरपीबद्दल, मी थोडा साशंकच होतो.

या केंद्राबद्दल माझे मत चांगले झाले ते पहिल्या भेटीतच, आणि त्या भेटीत खांद्याला उपचार म्हणून जवळजवळ हात लागलाच नाही. फिजिओथेरपिस्टनी चाळीस मिनिटे विचारपूस आणि तपासणी केली. कारण नसताना वजन घटले आहे का, ताप येतो का, पूर्वी कर्करोग झाला होता का, हाताला मुंग्या येतात का, पकड सैल झाली आहे का, हे सगळे त्यांनी विचारले. कंबरदुखी असती तर लघवी-शौचावरचा ताबा आणि जांघेतील बधिरपणा याविषयीही विचारले असते, कारण त्या लक्षणांवर मसाज करत बसणे धोक्याचे असते आणि रुग्णाला ताबडतोब डॉक्टरांकडे पाठवावे लागते, असेही त्या म्हणाल्या.

मग त्यांनी माझे कोपर कुशीला टेकवून हात बाहेरच्या बाजूला वळवायला सांगितला. तो फारच थोडा वळला. मला हात पूर्ण सैल सोडायला सांगून त्यांनी स्वतः तो वळवून पाहिला, तरीही तो तिथेच अडला. या एका चाचणीत बरेच काही कळते: स्वतः हलवताना दुखते, पण दुसऱ्याने हलवल्यावर हात पुढे जातो, तेव्हा दोष बहुधा स्नायूत किंवा त्याच्या कंडरेत असतो, दोन्ही वेळा तो एकाच जागी अडत असेल आणि एक्स-रेमध्ये विशेष काही दिसत नसेल, तर सांध्याभोवतीचे आवरण आखडलेले असण्याची शक्यता अधिक असते. माझा एक्स-रे निर्दोष होता. निदान फ्रोझन शोल्डरचे झाले. हा विकार मधुमेहींमध्ये जास्त आढळतो, म्हणून त्यांनी रक्तातील साखर तपासून घ्यायला सांगितले. (ती ठीक निघाली.)

प्रत्यक्ष उपचार पाहणाऱ्याला काहीच घडत नसल्यासारखे वाटतील. मी उताणा झोपलेला, त्यांचा एक तळहात माझ्या खांद्याच्या गोलाव्यावर, आणि दंडाचे हाड मागच्या दिशेला लयीत, अगदी थोडे थोडे दाबले जात असे. जेफ्री मेटलंड या ऑस्ट्रेलियन फिजिओथेरपिस्टच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत अशा हालचालींच्या चार श्रेणी मानतात. पहिल्या दोन अडथळ्यापर्यंत न जाणाऱ्या आणि मुख्यतः वेदना शमवण्यासाठी असतात. तिसरी आणि चौथी अडथळ्यापर्यंत नेऊन ताठरपणा कमी करण्यासाठी असतात. सुरुवातीला ठणका जास्त असल्यामुळे तीन भेटी सौम्य श्रेणीतच गेल्या. जोरात ओढल्याशिवाय उपचार झाल्यासारखे न वाटणाऱ्यांना (मीही त्यातलाच) येथे थोडा धीर धरावा लागेल.

प्रत्येक भेटीच्या आधी आणि नंतर गोनिओमीटरने कोन मोजला जात असे, आणि या केंद्राची सर्वांत मोलाची बाब माझ्या मते हीच आहे. एका भेटीत बाहेर वळण्याचा कोन 20 अंशांवरून 28 अंशांवर गेला. मी खूश झालो, तेव्हा त्या म्हणाल्या, “यातले बरेचसे संध्याकाळपर्यंत जाईल. टिकवायचे असेल, तर पुढच्या दोन तासांत काठीचा व्यायाम दोनदा करा.” पुढच्या भेटीला कोन 23 भरला. हातांच्या स्पर्शाने आणि दाबाने मज्जासंस्थेची संवेदनशीलता काही काळ कमी होते, वेदना उतरते आणि स्नायू सैल पडतात. मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी 1965 साली मांडलेल्या ‘गेट कंट्रोल’ सिद्धांताने (स्पर्शाचे संदेश वेदनेच्या संदेशांना मज्जारज्जूतच काही प्रमाणात अडवतात, अशी ही कल्पना) या परिणामाचा काही भाग समजावता येतो. पण हा परिणाम बहुतेक वेळा अल्पकाळच टिकतो. एवढे प्रांजळपणे सांगणारे उपचारक मला याआधी भेटले नव्हते. कंबरदुखीसाठी ब्रिटनच्या ‘नाइस’ या उपचारविषयक मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेने 2016 साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांतही हातांचे उपचार व्यायामाच्या जोडीनेच सुचवलेले आहेत, केवळ स्वतंत्र उपाय म्हणून नव्हे.

तक्रारीही आहेत. चौथ्या भेटीला पूर्वसूचना न देता एका शिकाऊ सहायकाकडे सोपवण्यात आले. त्यांनी शेक दिला, अल्ट्रासाउंडचे यंत्र फिरवले आणि मानेजवळच्या स्नायूतील गाठीवर अंगठ्याने इतके दाबले की तिथे काळेनिळे झाले. उपचारानंतर एक-दोन दिवस अंग दुखणे स्वाभाविक असते. काळेनिळे पडणे हे चांगल्या उपचाराचे लक्षण नव्हे. त्या दिवशी कोनही मोजला गेला नाही. मी तसे स्पष्ट सांगितल्यावर पुन्हा असे झाले नाही. व्यायामाचा छापील कागद मात्र अगदीच सुमार आहे: चित्रांतील हात डावा की उजवा हेही कळत नाही, म्हणून मी पाचव्या भेटीला मोबाइलवर चित्रीकरणच करून घेतले.

सांधा गरम होऊन सुजला असेल, नुकतेच हाड मोडले असेल, हाडे ठिसूळ असतील किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर येथे जाण्याआधी डॉक्टरांना विचारावे आणि फिजिओथेरपिस्टलाही ते आधी सांगावे. मानेला झटका देण्यास येथे मी आरंभीच नकार दिला होता. मानेतील रक्तवाहिनीला इजा होण्याचा धोका दुर्मीळ असला तरी गंभीर असतो. माझा नकार कोणतीही कुरकुर न करता नोंदवून घेतला गेला.

आठव्या भेटीला कोन 45 अंशांवर होता. डाव्या खांद्याचा 70 आहे. आता हातांनी करण्यासारखे फारसे उरलेले नाही, असे सांगून त्यांनी स्वतःच पुढच्या भेटी थांबवल्या आणि सहा आठवड्यांनी फक्त कोन मोजून घ्यायला बोलावले आहे.