नट सरकलो! चार तारांची बेस गिटार, १४ महिन्यांनंतर

शिमग्यातल्या कार्यक्रमात, ऐन गाण्यात, माझी ‘जी’ (G) तार, म्हणजे सगळ्यात बारीक, खालची तार, फ्रेटबोर्डच्या (बोटं दाबायच्या पट्टीच्या) काठावरून खाली घसरली. तुटली असती तर निदान सहानुभूती मिळाली असती. ही नुसती ‘टंग्’ करून बाजूला लोंबली आणि ढोलकीवाला माझ्याकडे बघून हसला. हा रिव्ह्यू मी तेव्हाच, दात-ओठ खात, एक तारा (स्टार) देऊन लिहिणार होतो. बरं झालं लिहिला नाही.

गिटार गेल्या वर्षी गणपतीच्या आधी ऑनलाइन घेतली, साडेचौदा हजारांना. जॅझ बेस या मॉडेलच्या घाटाची, ३४ इंची स्केल (तारेची वाजती लांबी), नटाशी ३८ मिमी रुंदी. नट म्हणजे नेकच्या, गिटारच्या मानेच्या, टोकाला तारा ज्या खाचांतून जातात ती छोटी पट्टी. बाकीचं तुम्ही विक्रीच्या पानावर वाचलंच असेल. कंपनीचं नाव लिहीत नाही. गिटार ओळखीची वाटली तर समजून घ्या.

शिमग्याच्या आधी दोन-तीन आठवडे ही तार सतावत होतीच. पाचव्या-सातव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) जरा कंप दिला, बोट जरा खाली ओढलं गेलं, की तार काठाशी. फ्रेटची टोकं तिथे उताराची घासलेली असतात, त्यामुळे एकदा तिथे पोचलेली तार परत येत नाही. मी दोष स्वतःच्या बोटांना दिला. ऑर्केस्ट्रातल्या जुन्या गिटारवाल्यानेही तेच सांगितलं, “हाताला वळण नाही तुझ्या.” वळण लावायला मी रोज तासभर घासत बसलो.

मग एकाने सांगितलं की नेक वाकडी बसली असेल, मागचे चार स्क्रू जरा सैल कर आणि नेक हाताने ओढ. केलं. वरच्या फ्रेटांवर, म्हणजे बॉडीजवळ, जी तार आत आली. पण ई (E) तार, सगळ्यात जाड, वरची, तिकडच्या काठाला भिडली, आणि नटाजवळ काडीचाही फरक नाही. पडणार कसा? नट नेकलाच चिकटलेला. नेक जिथे जाईल तिथे तोही जाणार. घरबसल्या ओळखायचं असेल तर एवढंच बघा: तार बॉडीजवळच्या भागात काठाकडे जास्त सरकलेली दिसली तर नेक किंवा ब्रिजवरचे (बॉडीवर तारा जिथे अडकवतात तिथले) सॅडल, म्हणजे तारांचे टेकू, तपासा, नटाजवळ जास्त सरकलेली दिसली तर नट. बारावा फ्रेट नट आणि ब्रिजच्या बरोबर मधे असतो, त्यामुळे नटाची चूक तिथे निम्मीच उरते.

शेवटी स्टीलची पट्टी लावली. नटापाशी ई तारेपासून तिच्या काठापर्यंत साडेचार मिमी, जी तारेपासून तिच्या काठापर्यंत दीड. दोन्हीकडे तीन-तीन हवे होते. अंगठा फिरवला तर जी तारेच्या बाजूला नटाचा कोपरा चक्क बाहेर आलेला, टोचत होता. इतके दिवस तो कोपरा बोटाला लागत होता आणि मी वळण शोधत होतो!

मी ओरडलो, “आबा, नटच सरकलाय!” आबा रात्रभर धयकालो (दशावतारी नाटक) बघून आलेले, डोळे तांबडे. म्हणाले, “सरकलो? खयचो नट? पहाटेपर्यंत तर बरो नाची होतो!”

कंपनीला मेल केला. चांगला लांब, जळजळीत. कारखान्यातच नट वाकडा बसवलाय, वॉरंटी एक वर्षाची आहे, बदलून द्या. उत्तर आलं की गिटार मुंबईला पाठवा, कुरिअर तुमच्या खर्चाने, येताना-जाताना. एवढा लांब खोका दोनदा पाठवायचा म्हणजे किती, ते विचारून आलो आणि परत मेल केला. पुरावा म्हणून खोका उघडला त्या दिवशीचे फोटोही जोडले.

दोन दिवसांनी माझाच फोटो परत आला, त्यावर लाल गोल. पहिल्या दिवशी नट अगदी मधोमध होता.

आता खरं सांगतो. जानेवारीत मी तारा उकळल्या होत्या. समुद्राची हवा आणि माझा घाम, दोन्ही मिळून चार-पाच महिन्यांत तारा मुक्या होतात. नवा सेट घ्यायला जीव होत नाही, म्हणून चारही तारा एकदम काढून पाण्यात दहा मिनिटं उकळायच्या, पुसून परत चढवायच्या. काही दिवस खणखणीत वाजतात. त्या वेळी नेक रिकामी दिसली म्हणून मी जुन्या टूथब्रशने नटाच्या आजूबाजूची धूळही जोर लावून घासली. नट मुळात तारांच्या दाबाखालीच बसलेला असतो. तारा निघाल्या, दाब गेला, आणि ब्रशने तो दीड मिमी हलला. म्हणजे सरकवला मीच.

पण कंपनीलाही सोडणार नाही. तारा सैल करून, लाकडाचा ठोकळा लावून बाजूने हलकंच टकटक केलं तर नट हातात आला, इतका सहज. खाली गोंदाचा एकच वाळलेला ठिपका! एका ठिपक्यावर साडेचौदा हजारांची गिटार. खाच साफ केली, नट मोजून मधे ठेवला, फेव्हिकॉलचे दोन थेंब टाकले, तारा चढवून रात्रभर तसाच ठेवला. तीन आणि तीन.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण जी तार मोकळी छेडली की आता सतारीसारखी झणझणायला लागली. तंबोऱ्यात असली जवारी काढून घ्यायला लोक कारागिराचे पाय धरतात, बेसवर मात्र ती नको असते. नटाच्या खाचेचा उतार खुंट्यांकडे हवा, म्हणजे तार फ्रेटबोर्डाकडच्या कडेवरूनच सुटते. माझ्या खाचेत उंचवटा मागे होता, तार पुढे नुसती घासत होती. हा दोष मात्र पहिल्या दिवसापासूनचा असणार, वाकड्या तारेच्या नादात कानाआड गेला.

खाचा कोरायच्या खास कानशी मिळतात, पण त्यांची किंमत बघून पान बंद केलं. गिटार घेऊन गेलो बाजारातल्या सोनारकाकांकडे. “ह्या माझा काम न्हय, पण बघूया,” म्हणत त्यांनी भिंग लावलं. जी तार ०.०४५ इंची, म्हणजे सव्वा मिमीच्याही आतली. तेवढ्याच जाडीची गोल कानस त्यांच्या डबीत होती. दोन फटके मारायचे, तार चढवायची, ऐकायचं. प्लास्टिकचा नट, एक फटका जास्त गेला की खाच खोल आणि नवा नट आणा. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबली की पहिल्या फ्रेटच्या वर केसाएवढी फट दिसायला हवी, तेवढी राखली. पाऊण तासात झणझण गेली. पैसे घेतले नाहीत, आळीतल्या गणपतीला वाजवायला ये म्हणाले.

बाकी थोडक्यात. पिकअप (तारांचा कंप पकडणारे चुंबक) या किमतीत अपेक्षेपेक्षा चांगले. मोकळी ई तार ४१ हर्ट्झच्या आसपास, ती गावच्या मंडपातल्या कर्ण्यातून ऐकूच येत नाही, त्याला गिटार काय करणार. पावसाळ्यात ब्रिजचे स्क्रू तांबारले आणि सोबत आलेल्या कव्हरला बुरशी आली. ते फेकून दिलं. वजन जास्त आहे, तीन तासांनी खांदा बोलतो.

एक तारा देणार होतो, आता तीन देतो. एक गोंदासाठी कापला, एक त्या लाल गोलासाठी. तो गोल बरोबर होता हे मान्य, पण मोफत नट पाठवायला काय जात होतं?

गणपतीत पाचही रात्री वाजवलं. जी तार एकदाही उतरली नाही. आता तारा एकेक करून बदलतो, उकळायच्या असल्या तरी. आई मात्र त्या टोपात अजून चहा करत नाही.