दुकानाच्या साइटवर व्हिडिओ: सरळ एमपी४ की एचएलएस?

सोलापुरातल्या चादर-टॉवेलवाल्यांच्या साइट करताना हा प्रश्न हटकून येतो. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवरची लिंक दाबून येतं, म्हणजे पाहणार फोनवरच. मग व्हिडिओची एकच एमपी४ फाइल ठेवायची, की एचएलएस, म्हणजे व्हिडिओ तुकड्या-तुकड्यांनी पाठवायची पद्धत, घ्यायची? मी दोन्ही लावून पाहिलं आहे.

ऐकायला एचएलएस सरस वाटतं, आणि बऱ्याच बाबतीत ते आहेही. एकाच व्हिडिओच्या हलक्या-भारी प्रती तयार असतात, प्रत्येकीचे काही सेकंदांचे तुकडे असतात आणि नेट पाहून प्लेअर प्रत बदलत राहतो. एसटी मंगळवेढ्याच्या वाटेला लागली, रेंज पडली, तरी व्हिडिओ सहसा थांबत नाही, अंधुक होऊन चालू राहतो. तासाभराचं कीर्तन किंवा लग्नाचं चित्रीकरण असेल तर मी डोळे झाकून एचएलएस घेईन. आयफोनच्या सफारीत ते थेट चालतं, इतर काही ब्राउझरांसाठी जावास्क्रिप्टची लायब्ररी जोडावी लागते, एवढंच.

माझं घोडं अडलं ते सुरुवातीपाशी. बरेच प्लेअर आधी हलकी प्रत उचलतात आणि नेटचा अंदाज आल्यावर वर चढतात. ॲपलची शिफारस ६ सेकंदांच्या तुकड्यांची आहे. आपला चादरीचा व्हिडिओ असतो जेमतेम २० सेकंदांचा! पहिला तुकडा, कधीकधी दुसराही, धूसर जातो. आणि कॅमेरा जवळ नेलेला असतो तो नेमका तेव्हाच: किनारीची वीण, मोरपिसाची बारीक नक्षी, दोन रंग भेटतात तिथली रेघ. गिऱ्हाईक तेवढंच पाहून पुढे सरकतं. जकार्डवर, म्हणजे नक्षी धाग्यांतच विणणाऱ्या मागावर, विणलेली चादर त्या धूसर चौकोनांत छापील मालासारखी दिसते, आणि हे मला फार लागतं. एका व्यापाऱ्यांनी फोन माझ्यापुढे धरून विचारलं होतं, "अहो, ही आमचीच चादर आहे ना?"

सुरुवात वरच्या प्रतीने करायला सांगता येतं, तेही करून पाहिलं. पण मग कमजोर नेटवर पहिलाच तुकडा अडतो, आणि एचएलएस घेतलं कशासाठी हा प्रश्न उरतो.

एमपी४ही अडतो, नाही असं नाही. गोल चक्र फिरत राहतं. पण सुरू होतो तो स्वच्छ. त्याची पथ्यं मात्र पाळायला हवीत. फाइलची अनुक्रमणिका, म्हणजे मूव्ह ॲटम, पुढे आणून ठेवा. ती शेवटी राहिली तर व्हिडिओ सुरू व्हायला उगाच वेळ लागतो. सर्व्हरने फाइलचा मागितलेला भागच देता आला पाहिजे, नाहीतर सफारी रुसते. आपोआप चालवायचा असेल तर आवाज बंद ठेवा आणि व्हिडिओच्या टॅगमध्ये प्लेजइनलाइन (playsinline) लिहा. आयओएस १० पासून, म्हणजे २०१६ पासून, आयफोनवर व्हिडिओ पानातच चालतो तो त्यामुळे. एन्कोडिंग, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत, एच.२६४; चित्रण उभं.

तुमचे व्हिडिओ चार-पाच मिनिटांचे असतील तर कदाचित तुमचं उत्तर वेगळं निघेल. कापड दाखवायचं असेल तर मी एमपी४कडेच झुकेन. आणि पोस्टरसाठी, म्हणजे व्हिडिओ सुरू होण्याआधी दिसणाऱ्या चित्रासाठी, किनारीचा जवळून काढलेला, दिवसाच्या उजेडातला फोटो द्या. व्हिडिओ उघडलाच नाही तरी गिऱ्हाइकाला वीण दिसते.