डीएसपीसी की डीओपीई? एमआरएनएच्या कणांसाठी हेल्पर लिपिड निवडताना

एमआरएनए (पेशीला प्रथिन बनवायची सूचना देणारा रेणू) पेशीत पोचवायला तो चार लिपिडांच्या, म्हणजे चरबीसारख्या रेणूंच्या, सूक्ष्म कणात बसवतात. त्यांतलं आयनायझेबल लिपिड (आम्लात धन भार घेणारं) ठरलेलं असतं, पीईजी-लिपिडही (कणाचा पृष्ठभाग झाकणारं) ठरलेलं असतं, कोलेस्टेरॉलवर कुणी वाद घालत नाही. राहतो तो हेल्पर लिपिड, म्हणजे रचनेला आधार देणारा फॉस्फोलिपिड: बहुधा डीएसपीसी किंवा डीओपीई. मिश्रणात त्याचा वाटा बहुतेक वेळा १० मोल टक्क्यांच्या आसपास, म्हणून जुन्या प्रोटोकॉलमध्ये जो असेल तो तसाच पुढे चालवला जातो. पण कण आतून कसा रचला जातो, फ्रिजमध्ये किती टिकतो आणि शिरेतून दिल्यावर कुठे जाऊन बसतो, या तिन्ही गोष्टींत त्याचा हात असतो.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. डीएसपीसी काढून डीओपीई घातलं की एकाच वेळी दोन गोष्टी बदलतात. डीएसपीसीचं डोकं फॉस्फोकोलिनचं, शेपट्या १८ कार्बनच्या आणि संपृक्त. डोक्याची आणि शेपट्यांची रुंदी जवळपास सारखी असल्यामुळे हे रेणू सपाट दुहेरी थरात नीट बसतात. संक्रमण तापमान (ज्याच्या वर कडक थर प्रवाही होतो) ५५ अंश. डीओपीईचं डोकं लहान, इथॅनॉलअमाइनचं, आणि दोन्ही शेपट्यांत एकेक द्विबंध, त्यामुळे खालची बाजू पसरट, रेणू शंकूसारखा. संक्रमण तापमान उणे १६ अंश, आणि नुसतं पाण्यात ठेवलं तर साधारण १० अंशांच्या वर ते थर सोडून उलट्या षट्कोनी रचनेत (डोकी आत, शेपट्या बाहेर अशा नळ्यांत) जातं. निकालात फरक पडला तर तो डोक्यामुळे की शेपट्यांमुळे, हे या दोघांच्या तुलनेतून कळत नाही. ते हवं असेल तर डीओपीसीची एक बॅच मधे लावावी: शेपट्या डीओपीईच्या, डोकं डीएसपीसीचं. डीएसपीईच्या वाटेला मात्र जाऊ नये, ते इथेनॉलमध्ये विरघळवता विरघळवता दिवस जातो.

कणाच्या आत काय होतं? इथेनॉलमधली लिपिडं पीएच ४ च्या बफरमधल्या एमआरएनएत मिसळताना आयनायझेबल लिपिडवर भार असतो. पीएच ७.४ ला आणलं की तो भार जातो आणि हे लिपिड तेलकट गाभ्यात जमा होतं. डीएसपीसीला त्या गाभ्यात फारशी जागा नसते, म्हणून ते मुख्यतः पृष्ठभागाकडे, पीईजीच्या शेजारी सरकतं. प्रमाण वाढवलं तर एका बाजूला दुहेरी थराचा फुगा येतो. क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली असे फुगे दिसले की बॅच बिघडली असं समजून ती फेकू नये. जास्त तीव्रतेचं सायट्रेट बफर वापरून असे फुगे मुद्दाम आणले जातात आणि त्या कणांकडून प्रथिन जास्त मिळाल्याचं नोंदलेलं आहे. डीओपीईचा कल मुळातच थर मोडण्याकडे. एंडोसोमच्या (पेशी कण ज्या पिशवीत आत घेते तिच्या) आम्लात आयनायझेबल लिपिडवर पुन्हा भार येतो, ते पडद्यातल्या ऋण भाराच्या लिपिडांशी जोड्या लावतं आणि थर मोडू लागतो. डीओपीई याच कामाला हातभार लावतं. लिपोफेक्टिनपासून (डीएनए पेशीत घालायच्या लिपिड मिश्रणापासून), म्हणजे १९८७ पासून, पेशींच्या ताटलीत त्याचं नाव झालं ते यामुळेच.

ताटलीतल्या आकड्यांवर निवड करायची असेल तर बहुतेक वेळा डीओपीईच पुढे दिसेल. आणि ते नुसतं ताटलीपुरतं नाही. सी१२-२०० या आयनायझेबल लिपिडवर २०१५ साली झालेल्या कामात उंदरांमध्ये एमआरएनएसाठी सर्वांत चांगलं ठरलेलं मिश्रण डीओपीईचंच होतं: सी१२-२००, डीओपीई, कोलेस्टेरॉल, पीईजी-लिपिड यांचं मोल प्रमाण ३५:१६:४६.५:२.५. तुमच्याकडे सी१२-२०० च्या जातीचं लिपिड असेल तर डीओपीईपासून सुरुवात करणं शहाणपणाचं. उलट आयनायझेबल लिपिड एसएम-१०२ किंवा एमसी३ असेल तर बाजारात आलेली उत्पादनं डीएसपीसीवर उभी आहेत. ऑनपॅट्रो या आरएनए औषधात एमसी३, कोलेस्टेरॉल, डीएसपीसी आणि पीईजी-लिपिड ५०:३८.५:१०:१.५, मॉडर्नाच्या कोविड लशीत एसएम-१०२ बरोबर तेच प्रमाण, फायझर-बायोएनटेकच्या लशीत डीएसपीसी ९.४. शिरेतून दिल्यावर डीओपीईचे कण अपोलिपोप्रोटीन ई (यकृताच्या पेशी ओळखतात असं रक्तातलं प्रथिन) जास्त ओढतात आणि यकृताकडे झुकतात, डीएसपीसीचे कण तुलनेने प्लीहेकडे, असं उंदरांवरच्या तुलनेत दिसलं आहे. लक्ष्य यकृत असेल तर ही डीओपीईच्या पारड्यातली गोष्ट. दंडात टोचायच्या लशीला तिचं फारसं महत्त्व नाही.

आता कटकटी. डीएसपीसीची कटकट सगळ्यांना ठाऊक आहे. १० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचा इथेनॉलमधला साठा उणे २० मधून काढला की थंडीत गोठलेल्या खोबरेल तेलाच्या बाटलीसारखा पांढरा दिसतो. एसीच्या खोलीत बाहेर ठेवूनही तो पूर्ण साफ होईलच असं नाही. ५० अंशांच्या पाण्यात १० मिनिटं, झाकण घट्ट लावून, कारण इथेनॉल उडालं की तीव्रता बदलते. मग उजेडासमोर धरून पाहायचं आणि कोमट असतानाच पिपेटने घ्यायचं. एकदा अंतिम मिश्रणात गेलं की काळजी नाही. एकूण लिपिड १० मिलिमोलर धरलं तर डीएसपीसी १ मिलिमोलर, म्हणजे जेमतेम ०.७९ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, आणि तेवढं खोलीच्या तापमानाला विरघळलेलं राहतं. घोटाळा होतो तो गार साठा ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढला तर. स्फटिक फिल्टरवर अडकतात, खाली येणारा द्रव स्वच्छ दिसतो आणि मिश्रणात डीएसपीसी कमी पडतं. फिल्टर न लावता तसेच स्फटिक मिसळण्याच्या चिपमध्ये (बारीक नळ्यांच्या पट्टीत) गेले तर नळी तुंबते आणि दाब वाढतो, निदान कळतं तरी.

लिपोसोमकडून (दुहेरी थराच्या पोकळ पिशव्यांच्या कामाकडून) आलेली मंडळी इथे बफरही ६० अंशांना तापवतात. त्याची गरज नाही. कोलेस्टेरॉल ४० टक्क्यांजवळ असताना डीएसपीसीचं ते ठळक संक्रमण उरतच नाही, आणि एमआरएनएला उष्णता सोसत नाही ते वेगळंच.

डीओपीईची कटकट वेगळ्या जातीची आहे, आणि माझा कौल तिच्यामुळेच ठरला. ती मिसळण्याच्या दिवशी दिसत नाही. साठा गारही स्वच्छ, नळी तुंबत नाही, पहिल्या दिवशी कणांचा आकार छान, एमआरएनए कणांत अडकण्याचं प्रमाण ९० टक्क्यांच्या वर. खरा प्रश्न व्हायलचा. ही पूड मेणचट, चमच्याला चिकटणारी आणि ओलावा ओढणारी. पावसाळ्यात मुंबई-गोव्याच्या हवेत थंड व्हायल लगेच उघडली तर काचेच्या आतून दव धरतं. ती बंदच ठेवून अर्धा-पाऊण तास खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी लागते. उघडल्यावर द्विबंधांना हवा लागते. डोक्यावरचा प्राथमिक अमाइन आल्डिहाइड दिसला की त्याला धरतो. पाण्याने एक शेपटी तुटली की लायसो-पीई तयार होतं, आणि त्याचा आकार नेमका उलटा: डोकं मोठं, शेपटी एकच. म्हणजे ज्या शंकूसाठी डीओपीई आणलं, त्याच्याच विरुद्ध काम करणारा रेणू मिश्रणात शिरतो. परिणाम असा की जुन्या व्हायलची बॅच आणि नव्या व्हायलची बॅच सारखी वागत नाही, आणि दोष मात्र आपण एमआरएनएला, पंपाला किंवा पेशींना देत बसतो.

त्यात साठवणुकीची भर. पीईच्या डोक्याभोवती पाणी कमी धरलं जातं, म्हणून कण एकमेकांना भिडले की मिसळायला तयारच असतात. १.५ टक्के पीईजीवर डीएसपीसीची बॅच ४ अंशांना दोन आठवडे निमूट राहते. त्याच प्रमाणातल्या डीओपीईच्या बॅचमध्ये कणांचा आकार वाढतो आणि पॉलिडिस्पर्सिटी (आकारांतला विखुरलेपणा) ०.२ ओलांडते, असंच बहुधा हाती आलं आहे. वरच्या ३५:१६ च्या मिश्रणात पीईजी २.५ आहे हा योगायोग नसावा असं वाटतं. पीईजी वाढवून आकार धरता येतो, पण पेशीत शिरणं मंदावतं, म्हणजे एका हाताने मिळवलेलं दुसऱ्या हाताने जातं.

डीएसपीसी घेतलं की ऑक्सिडेशनची चिंता मिटली, असंही नाही. एमसी३ च्या शेपट्यांतच चार द्विबंध आहेत. तिथे हेल्पर लिपिड बदलून मिळणारा फायदा अर्धवटच. एसएम-१०२ च्या शेपट्या मात्र संपृक्त, त्यामुळे त्याच्याबरोबर डीएसपीसीचा हिशेब सरळ बसतो. मला वाटतं, आठवडेच्या आठवडे चालणारं प्राण्यांवरचं काम, किंवा एकच बॅच दोन ठिकाणी वापरायची असेल, तर डीएसपीसी बरं. त्याची खोड निदान उजेडासमोर धरली की दिसते.

डीओपीईच घ्यायचं ठरलं तर बदली मोलने करा, वजनाने नाही. डीएसपीसीचा रेणुभार ७९०, डीओपीईचा ७४४, म्हणजे सारखं वजन घातलं तर सहा टक्के जास्त मोल जातात. तीन भाग बफर, एक भाग इथेनॉल अशा ३:१ मिश्रणातून बाहेर पडताना इथेनॉल २५ टक्के असतं आणि पीएच वर येताना कण याच वेळी एकमेकांत मिसळतात, म्हणून लगेच किमान पाचपट बफरमध्ये सोडा आणि मगच डायलिसिस (पडद्यातून इथेनॉल काढणं). मोठी बाटली मागवू नका, लहान सीलबंद ॲम्प्यूल घ्या. क्लोरोफॉर्ममध्ये आलं असेल तर प्लास्टिकला लावू नका, काचेतच नायट्रोजनखाली सुकवून निर्वातात ठेवा. उरलेलं आर्गॉनखाली छोट्या कुप्यांमध्ये वाटून, उघडल्याची तारीख लिहून, उणे २० ला. आणि उंदीर मागवण्याआधी जुनी कुपी आणि ताजी ॲम्प्यूल टीएलसीच्या (पातळ थरावर घटक वेगळे करण्याच्या) एकाच प्लेटवर शेजारी चालवा: क्लोरोफॉर्म, मेथॅनॉल, पाणी ६५:२५:४, वर मॉलिब्डेनम ब्लूचा फवारा. मुख्य ठिपक्याच्या खाली दुसरा ठिपका आला असेल तर ती कुपी पेशींवरही वापरू नका.